पढवलेली उत्तरं

हौगांग, सिंगापूर, १६ फेब्रुवारी २०२५

क्षिप्रा,

मी निघताना तू म्हणाली होतीस, फोन करू नकोस, लिहायचं तर पत्र लिही. बोलताना तू फार पटवून बोलतोस, असंही म्हणालीस. म्हणून लिहितोय. मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहायला लागलो की मॅच संपल्यावर पत्रकारांपुढे उभा आहे असं वाटतं आणि वाक्यं आपोआप गुळगुळीत व्हायला लागतात. शुद्धलेखनाला हसू नकोस. आईने घरी शिकवलं तेवढंच येतं.

जाईला सांग, आजोबा बरे आहेत. बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. आता वॉकर धरून बेडरूमपासून हॉलपर्यंत येतात आणि खुर्चीत बसले की घड्याळ बघून किती मिनिटं लागली ते मला सांगतात. आयुष्यभर शिपिंग कंपनीचे हिशेब तपासले, आता स्वतःला तपासतात.

माझं म्हणशील तर बातम्यांत आलं तेवढंच. हेड कोचला काढलं, त्याच्याबरोबर आम्हा सगळ्यांना काढलं. डिफेन्सचा मुख्य कोच म्हणून मला जेमतेम एक सीझन मिळाला. वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. पश्चिमेकडच्या एका फुटबॉल संघाचा फोन येऊन गेलाय. त्यांना बचावाच्या मधल्या फळीला, लाईनबॅकर्सना शिकवणारा माणूस हवा आहे. एक पायरी खाली आहे, पण काम आहे. पुढच्या महिन्यात व्हिडिओवर मुलाखत आहे.

इथला माझा दिवस असा: सकाळी बाबांचे व्यायाम, मग खाली जाऊन कोपी-ओ, म्हणजे इथली काळी कॉफी. स्टॉलवरची आंटी मला बघितलं की विचारते, "सेम-सेम, आह?" मी मान हलवतो. दुपारपर्यंत बाबांखेरीज माझ्याशी बोललेलं ते एकच माणूस असतं.

तू अजून लोरेनकडे, ट्रॅव्हिसच्या घरी जातेस का? तो कसा आहे?

आणि एक. त्या वकिलाच्या ऑफिसातून माझ्या नावावर आणखी काही टपाल आलं तर तिथेच राहू दे. इकडे पाठवू नकोस.

रुचिर


हौगांग, २७ फेब्रुवारी २०२५

क्षिप्रा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण लेटरबॉक्स रोज उघडतो. इथे लेटरबॉक्स खाली, लिफ्टच्या समोर असतात. इमारतीतली माणसं तिथेच भेटतात. एकमेकांना ओळखीचं हसतात आणि आपापल्या मजल्यावर जातात.

काल बाबांनी मला विचारलं, "तू नेमकं करतोस काय?"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

मी म्हटलं, "समोरचा संघ चेंडू घेऊन पुढे सरकतो. त्याला सरकू द्यायचं नाही. तो काय करणार हे आधी ओळखायचं आणि माझ्या गड्यांना तिथे उभं करायचं."

"म्हणजे दुसऱ्याला काही करू द्यायचं नाही, हा तुझा धंदा."

"साधारण तसंच."

"आणि हे शिकायला तू स्टॅटिस्टिक्स केलंस."

मग मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांच्या कंपनीने मला इथल्या अमेरिकन शाळेत घातलं तेव्हा मी पहिल्यांदा तो लांबट चेंडू पाहिला. अंगाने मी काडी. खेळण्यात दम नव्हता, पण समोरचे कुठे पळणार हे मला इतरांच्या आधी कळायचं. कॉलेजात ओहायोला गेल्यावर तिथल्या कोचच्या दारात उभा राहिलो. त्याने मला तळघरात बसवलं आणि मॅचच्या फिल्मचे तुकडे करायला लावले. दोन वर्षं मी उजेड पाहिला नाही. पण एकदा त्याने विचारलं, "तिसऱ्या प्रयत्नाला हे लोक डावीकडे किती वेळा जातात?" आणि मी कागद न बघता उत्तर दिलं. त्या दिवशी त्याने मला कोचेसच्या खोलीत सगळ्यांबरोबर बसवलं. माझं नाव त्यांना घेता येईना, म्हणून मी कोच रू झालो.

पुढची गावं तुला पाठ आहेत. अकरा घरं. जाईच्या जन्माच्या वेळी मी डेन्व्हरच्या विमानात होतो. तू खोक्यांवर "स्वयंपाकघर" लिहायचीस आणि नंतर नंतर लिहिणंही सोडलंस, कारण खोकी उघडतच नव्हतो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग आईचं नाव घेऊन म्हणाले, "अरुणा गेली तेव्हा तू दोन दिवस आला होतास."

"प्लेऑफ होते, बाबा."

"माहीत आहे. मी लोकांना तेच सांगितलं. काय असतं ते मला माहीत नव्हतं, पण तोच शब्द सांगितला."

त्यांचा चहा गार झाला होता, तो गरम करून आणला.

रुचिर


हौगांग, ९ मार्च २०२५

क्षिप्रा,

आज जरा बरं सांगण्यासारखं आहे.

आईची मैत्रीण सविता काकू टॅम्पिनीसहून दर गुरुवारी डबा घेऊन येतात. या वेळी त्यांचा जावई अश्विन बरोबर आला. पुण्याचा आहे, इथे एका आयटी कंपनीत आहे, तिशी उलटलेली. माझ्याकडे बघून उभाच राहिला. "तुम्ही कोच रू?" आपल्या संघाच्या सगळ्या मॅचेस तो बघतो म्हणे. बुकित तिमाहला एका मैदानावर शनिवारी संध्याकाळी पंधरावीस जण जमतात आणि पूर्ण हेल्मेट वगैरे घालून अमेरिकन फुटबॉल खेळतात. बँकवाले, इंजिनिअर, दोन शिक्षक, एक टॅक्सीवाला. कोच नाही. "तुम्ही फक्त येऊन उभे राहा," म्हणाला.

बाबा म्हणाले, "जा. तू घरात असलास की मला झोपल्याचं नाटक करावं लागतं."

काल गेलो. क्षिप्रा, ते लोक काहीही खेळतात. पण मी दोन माणसं चार पावलं आत घेतली आणि एकदम समोरच्यांची वाट बंद झाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. टॅक्सीवाला म्हणाला, "अंकल, यू मॅजिक, लाह." परत येताना एमआरटीच्या गाडीत मी काचेत स्वतःला हसताना पाहिलं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. कुणाला तरी सांगावं असं वाटलं आणि तुलाच लिहायचं ठरवलं.

मुलाखतही चांगली झाली. त्यांचा हेड कोच म्हणाला की कागदपत्रं महिनाअखेरीस पाठवतो. फक्त एवढं विचारलं, "जुनं काही मागे लागलेलं नाही ना?" मी नाही म्हटलं.

तू मनात काय म्हणत असशील ते मला कळतंय. तर पुन्हा लिहून देतो. ट्रॅव्हिसला डॉक्टरांनी तपासलं होतं. स्वतंत्र डॉक्टर होते, संघाचे नव्हते. त्यांनी त्याला खेळायला सोडलं. मी डॉक्टर नाही. हे तुला मी स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं आणि आजही तेच सांगतो.

रुचिर


हौगांग, २३ मार्च २०२५

क्षिप्रा,

काल मैदानावर अश्विनचं डोकं दुसऱ्या एकाच्या गुडघ्यावर आपटलं. उठला, दोन पावलं चालला, आणि चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. समोरच्या संघाच्या रांगेत. सगळे हसले. तोही हसला.

मी त्याला बाहेर बोलावलं. म्हणाला, "ठीक आहे कोच, एकदम ठीक. शेवटची दहा मिनिटं आहेत."

मी म्हटलं, "हेल्मेट काढ."

"अहो, खरंच ठीक आहे. काहीही विचारा. आज शनिवार आहे. स्कोअर चौदा-सात. विचारा ना."

यानंतर मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. लोक म्हणतात मी ओरडलो. त्याचं हेल्मेट मी दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि लांब फेकून दिलं. "हे तुला कुणी शिकवलं," असं मी परत परत विचारत होतो म्हणे. त्याला काही कळेना. तो घाबरला होता. टॅक्सीवाल्याने मला धरून गवतावर बसवलं आणि बाटलीतलं पाणी पाजलं.

अश्विनला मीच दवाखान्यात घेऊन गेलो. मार लागला आहे, पण गंभीर नाही. तीन आठवडे खेळायचं नाही. सविता काकू तिथे आल्या, त्यांनी माझे आभार मानले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आज दिवसभर घरात आहे. समोरच्या ब्लॉकमध्ये एक म्हातारा रोज गॅलरीत कपडे वाळत घालतो. एकटाच असतो. दोन शर्ट, एक पँट. आज मी त्याला शेवटच्या चिमट्यापर्यंत बघत बसलो होतो.

रुचिर


हौगांग, ३० मार्च २०२५

क्षिप्रा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितोय, आणि यात काही सजवणार नाही.

तो २०२३च्या डिसेंबरचा सामना. तू घरी टीव्हीवर बघत होतीस. दुसऱ्या क्वार्टरला ट्रॅव्हिसच्या डोक्याला लागलं ते तू पाहिलंस, आणि तो मैदानाकडेच्या तपासणीच्या तंबूत गेला, डॉक्टरांनी तपासला आणि बाहेर आला तेही पाहिलंस. मधलं तुला दिसलं नाही, कारण तेव्हा जाहिरात चालू होती.

मार लागल्यावर तो आधी माझ्याकडे आला. आठ वर्षं तो माझाच गडी होता. काही झालं की आधी माझ्याकडे यायचा. माझ्या अगदी जवळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "कोच, आपण कुठे आहोत?"

मला वाटलं मैदानावरची जागा विचारतोय. मी म्हटलं, "चाळीसच्या रेषेवर."

तो म्हणाला, "नाही. कुठल्या गावात?"

त्याचे डोळे माझ्यावर होते, पण तो मला बघत नव्हता. आणि डॉक्टर बाकाच्या त्या टोकाकडून आमच्याकडे येताना मला दिसले.

तंबूत काय विचारतात ते आम्हा सगळ्यांना पाठ असतं. कुठल्या मैदानावर आहात, कितवा क्वार्टर, शेवटचे गुण कुणी केले, मागचा सामना कुणाशी झाला, जिंकलात का. पाच प्रश्न. मी त्याचे दोन्ही खांदे धरले आणि पाची उत्तरं त्याला सांगितली. एकदा नाही, दोनदा सांगितली. मग त्याच्याकडून म्हणवून घेतली. आपण जाईकडून शाळेत जाताना आपला फोन नंबर म्हणवून घ्यायचो ना, तशी.

डॉक्टरांनी जाता जाता मला विचारलं, "तुम्हाला काही वेगळं जाणवलं का?"

मी म्हटलं, "नाही. फक्त चिडलाय."

तो आत गेला आणि पाचही उत्तरं बरोबर देऊन आला.

तिसऱ्या क्वार्टरला समोरचे आमच्या गोलरेषेपासून चार यार्डांवर होते, आणि मी ओळखलं होतं की ते मधूनच घुसणार. मध्ये ट्रॅव्हिस होता. मीच त्याला तिथे उभा केला होता. बाकीचं तू पाहिलंस. त्याला स्ट्रेचरवरून नेलं तेही तू पाहिलंस.

का केलं, असं तू विचारशील. आमच्या डिफेन्सचा मुख्य कोच सीझननंतर जाणार होता आणि ती जागा माझी आहे असं मला आतल्या गोटातून कळलं होतं. त्या दिवशी हरलो तर ती हातची जाईल, असं मला तेव्हा वाटलं. ट्रॅव्हिसच्या जागी दुसरा गडी माझ्याकडे होता, पण तो नवखा होता. एवढंच कारण. मी त्याच्या जिवाचा विचार केला आणि मग खुर्ची निवडली, असंही नाही. मी विचारच केला नाही. याचीच मला जास्त भीती वाटते.

जागा मला मिळाली. आपण जेवायला बाहेर गेलो होतो, आठवतं? तू त्या दिवशी लोरेनला हॉस्पिटलमध्ये भेटून आली होतीस आणि काही खाल्लं नाहीस. घरी आल्यावर विचारलंस, "रुचिर, त्याला आत पाठवायच्या आधी तुला काही कळलं होतं का?" मी नाही म्हटलं. तू फिजिओथेरपिस्ट आहेस, माणसाच्या चालीवरून तुला दुखणं कळतं. माझ्या "नाही"वरून तुला कळलंच असणार. तरी वेगळं व्हायच्या आधी तू सहा महिने थांबलीस. मला वाटायचं तू माझ्या कामाला कंटाळलीस. तू वाट बघत होतीस, हे मला इथे येऊन कळलं.

लोरेनच्या वकिलाचं पत्र मला तिकडेच, जानेवारीत मिळालं होतं. ते माझ्या बॅगेत आहे. ट्रॅव्हिसच्या उपचारांसाठी त्याची बायको म्हणून तिने लीगच्या मंडळाकडे अर्ज केलाय. संघाचं म्हणणं असं की पुन्हा उतरला तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता, त्याने पाचही उत्तरं बरोबर दिली. वकिलाने मला एवढंच विचारलं आहे: तुम्ही त्याच्या शेजारी होतात, तुम्हाला काय आठवतं?

मला सगळं आठवतं, क्षिप्रा. ज्याला आठवायला हवं त्याला आठवत नाही आणि मला एकेक शब्द आठवतो.

रुचिर


हौगांग, १३ एप्रिल २०२५

क्षिप्रा,

जबाब दिला.

आधी बाबांना सांगितलं. ते खुर्चीत होते, मी खाली जमिनीवर बसलो. तुला लिहिलं तेच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "हे तू पाठवायच्या आधी सांगतोयस की पाठवून झाल्यावर?"

"आधी."

"मग आधी पाठवून ये. मी काही बोललो तर तू त्यातच अडकून बसशील."

मी दुसऱ्या दिवशी शहरात नोटरीकडे जाऊन सही केली आणि कुरिअर केलं. परत आलो तेव्हा बाबांनी वॉकरने स्वयंपाकघरापर्यंत जाऊन वरणभाताचा कुकर लावला होता. पहिल्यांदाच. जेवताना मला म्हणाले, "अरुणा असती तर तुला मारलं असतं. आणि मग जवळ घेतलं असतं. मला दोन्ही जमत नाही." मी म्हटलं, "वरण चांगलं झालंय." ते म्हणाले, "मीठ कमी आहे." कमीच होतं.

पश्चिमेकडच्या त्या हेड कोचला मीच फोन करून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, "थँक्स फॉर टेलिंग मी," म्हणाला, आणि त्यानंतर कागदपत्रं आली नाहीत. आता कुठूनच येणार नाहीत. या धंद्यात बातमी एका दुपारी सगळीकडे पोचते. जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघांनी नुसती शिवी लिहून पाठवली. बाकीच्यांनी काहीच पाठवलं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काय येतं, याचा विचार करतोय. अश्विन शनिवारी बोलवतो. मी अजून गेलो नाही.

मग मी लोरेनला विचारलं, ट्रॅव्हिसशी मला स्वतः बोलता येईल का. ती म्हणाली, "सकाळी तो चांगला असतो. सकाळी कर. आणि रडू नकोस, त्याला ते कळत नाही, तो घाबरतो."

काल इथे संध्याकाळचे साडेसात, तिथे सकाळचे. तू अधूनमधून भेटतेस त्याला, तुला त्याचा आवाज माहीत असेल. मी पंधरा महिने ऐकला नव्हता. शब्द शोधत, एकेक उचलून ठेवल्यासारखं बोलतो. पण मला ओळखलं. "कोच रू," म्हणाला. "तुम्ही कुठे आहात?"

"सिंगापूरला. माझ्या वडिलांकडे."

"तिथे आपली मॅच आहे?"

"नाही. मॅच नाही."

मग मी त्याला सांगितलं. लोरेनने सांगितलं होतं तसं, छोट्या वाक्यांत. तुला लागलं होतं. तुला गावाचं नाव आठवत नव्हतं. तू मला विचारलंस. मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी तुला उत्तरं दिली, म्हणून त्यांनी तुला परत खेळायला सोडलं. चूक तुझी नव्हती. माझी होती.

तिकडे भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं त्याला कळलं नाही, किंवा फोन ठेवून तो उठून गेला. मग तो म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. तू विचारलं होतंस."

"बरं."

मी माफी मागितली. तो त्यावर काही बोलला नाही, आणि मीही पुन्हा मागितली नाही. फोन ठेवायची वेळ झाली असं वाटत असताना त्याने विचारलं, "कोच, तो शेवटचा. चार यार्डांवरचा. मी अडवला का त्याला?"

क्षिप्रा, "हो" म्हणणं किती सोपं होतं. तोंडात आलं होतं. बाबा समोर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना इंग्रजी सगळं कळतं.

मी म्हटलं, "नाही, ट्रॅव्हिस. तू पोचलास, पण तो तुझ्या अंगावरून आत गेला. त्यांचे गुण झाले. मॅच आपण हरलो."

तो म्हणाला, "इथे सगळे सांगतात की मी अडवला."

"मला माहीत नव्हतं."

"सगळे. लोरेन पण. आई पण. मला माहीत होतं नाही अडवला." आणि तो हसला. जुनं हसणं होतं ते, खोलीत फिल्म बघताना दुसऱ्याची चूक दिसली की हसायचा तसलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "मी हे विसरेन. तुम्हाला परत विचारेन."

"विचार."

"परत विचारलं तर हेच सांगा."

मी हो म्हटलं. दर शनिवारी याच वेळी फोन करायचं ठरलंय. लोरेनने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय म्हणे, त्याला दिसेल असं.

इथे राहायचा माझा व्हिजिट पास तीन मेपर्यंत आहे. पुढचं काही ठरलेलं नाही.

रुचिर